खुळ्यांचं गुणगान

जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि त्याच दिवसांत आमच्या आळीत गोगलगायी निघतात. चिपळूणचा पाऊस रात्रभर कोसळून सकाळी थोडा दम खातो. तेवढ्यात चिऱ्याच्या गडग्यातून, अळवाच्या देठांखालून त्या बाहेर येतात आणि रस्ता ओलांडू लागतात. शाळेची रिक्षा यायची वेळही तीच.

गेल्या पावसाळ्यात माझी नात साडेचार वर्षांची होती. घरात आम्ही तिला छोटी म्हणतो. अंगात पिवळा रेनकोट, पाठीवर दप्तर आणि ही रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसलेली. गोगलगाय जमिनीला चिकटून असते, उचलली की चटकन सुटत नाही. छोटी तिला ओढत नव्हती. दोन बोटांत शंख धरून ती आपणहून सुटेपर्यंत थांबत होती. रिक्षाकाकांनी एकदा हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला. आतली पाच पोरं ओरडायला लागली. समोरच्या वहिनी फाटकातून म्हणाल्या, “काय खुळं पोर आहे हो तुमचं! उचला की तिला!”

मी घाईघाईने दोन गोगलगायी उचलल्या आणि आमच्या गडग्याशी ठेवल्या. छोटीने त्या दोन्ही परत उचलल्या आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवल्या. म्हणाली, “आजी, त्यांना तिकडे जायचं होतं ना.”

खरंच, त्यांची तोंडं पलीकडे होती. मी ते पाहिलंच नव्हतं. त्या चिरडू नयेत, एवढंच माझ्या मनात होतं. त्यांना कुठे जायचं आहे हे आधी बघावं, हे मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी शाळेचं फाटक बंद झालं. वहीत लाल शाईने ‘उशीर’ असा शेरा आला. मी तो शेरा विसरले, पण ‘खुळं’ हा शब्द डोक्यातून जाईना. हे लिहायला बसले ते त्या शब्दासाठी. मला या खुळेपणाचं गुणगान करायचं आहे आणि ते मनापासून करायचं आहे.

अशा माणसांसाठी आपल्याकडे शब्द भरपूर. खुळा, बावळट, भोळा सांब. डब्यातला लाडू वाटून उपाशी घरी आलेल्या पोराला ‘मोठा दानशूर कर्ण लागून गेलास’ हे ठरलेलं वाक्य. भांडणात माघार घेणाऱ्याला ‘धर्मराज’. दिवसा ही नावं टोमण्यासारखी वापरायची आणि रात्री त्याच पोराला कुशीत घेऊन महाभारत सांगायचं. मूल गोष्ट ऐकतं आणि टोमणा लक्षात ठेवतं.

संतांचंही आपण तेच केलं आहे. तुकोबांना उसाची मोळी मिळाली, वाटेत पोरं जमली, एकेक करत सगळे ऊस वाटून झाले आणि घरी पोचेपर्यंत एकच उरला, ही कथा मी लहानपणी ऐकली, माझ्या मुलाला सांगितली आणि आता नातीला सांगते. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात चुकलेलं अस्पृश्याचं मूल एकनाथांनी उचलून कडेवर घेतलं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. या कथांना आपण हात जोडतो. पण आपलं पोर उद्या शेजारच्या कुत्र्यासाठी तुपाची बरणी घेऊन निघालं, तर त्याच्या हातातून ती काढून घेणारा पहिला हात आपलाच असेल.

समर्थांच्या दासबोधाचा दुसरा दशक मूर्खलक्षणांपासून सुरू होतो. लहानपणी आमच्या वडिलांनी तो समास आमच्याकडून पाठ करून घेतला होता. परवा पुन्हा काढून वाचला, या हिशेबाने की दुसऱ्यासाठी स्वतःचं नुकसान करून घेणारा त्या यादीत कुठे बसतो ते पाहावं. यादी मोठी आहे. कारण नसताना हसणारा त्यात आहे, पुष्कळांशी वैर धरणारा आहे. आणि एक ओवी अशी आहे की तिथे मी थांबले. दुसऱ्याच्या पीडेत सुख मानणारा आणि दुसऱ्याच्या आनंदाने दुःखी होणारा, तो मूर्ख, असं समर्थांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. म्हणजे आमच्या आळीचा मूर्ख वेगळा आणि समर्थांचा वेगळा. त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्ख येतो. सगळं जाणणारा, सगळ्यांना सांगणारा आणि स्वतः त्याप्रमाणे न वागणारा. मुलांना ‘सगळ्यांशी प्रेमाने वागावं’ असं सांगणाऱ्या आपण मोठ्या लोकांनी तो समास पुन्हा वाचला तर बरं.

माझ्या सुनेने मला एकदा विचारलं, “आई, पोरांना माया शिकवायची कशी? अक्षरं शिकवता येतात, अंक शिकवता येतात, हे कसं शिकवायचं?” प्रश्न खरा होता. ती रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर मुलांना वळण लावण्याचे उपाय वाचत असते, आणि मुलगी चांगली व्हावी ही तिची तळमळ मी रोज बघते. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता वाटतं, शिकवायचं थोडं आहे. सांभाळायचं जास्त आहे.

गच्चीवर कपडे वाळत घालताना रांगतं-चालतं मूल आसपास असलं की काय होतं, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. हातातून चिमटा पडतो. दीड वर्षाचं पोर डुलत येतं, चिमटा उचलतं आणि हात वर करून आपल्याला देतं. जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो या दोघांनी नेमका हाच चिमटा अभ्यासाला घेतला. १८ महिन्यांची मुलं होती. अनोळखी माणूस कपडे वाळत घालता घालता चिमटा पाडायचा आणि तो हाताला येत नाही असं दाखवायचा. कधी दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर आपटायचा. कुणी सांगत नव्हतं, कुणी शाबासकी देत नव्हतं, तरी मुलं उठून चिमटा द्यायची, कपाटाचं दार उघडून द्यायची. आणि त्याच माणसाने चिमटा मुद्दाम फेकला, तर फारशी उठायची नाहीत. म्हणजे ही नुसती वस्तू उचलण्याची हौस नव्हती. त्या माणसाला काय हवं आहे, हे त्यांना कळत होतं. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं.

दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. या वेळी मुलं २० महिन्यांची होती. मदत केल्यावर काहींना खेळणं बक्षीस दिलं, काहींची नुसती स्तुती केली, काहींना काहीच दिलं नाही. पुढे बक्षीस बंद झालं, तेव्हा बक्षिसाची चव लागलेली मुलं मदतीला कमी उठू लागली. बाकीची उठतच राहिली.

हे कळल्यापासून फ्रिजवर चिकटवलेला ‘चांगलं वागण्याचा’ तक्ता मला बघवत नाही. आजोबांना चष्मा दिला, एक तारा. पाच तारे झाले की चॉकलेट. माझ्या सुनेने असा तक्ता लावला होता आणि लावताना तिच्या मनात चांगलंच होतं. तिसऱ्या आठवड्यात आजोबांनी चष्मा मागितला, तर छोटीने आधी विचारलं, “तारा मिळेल?” आजोबांनी काही न बोलता हात पुढे केला आणि चाचपत चष्मा स्वतः घेतला. सुनेने त्याच रात्री तक्ता काढला. त्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मग सांभाळायचं म्हणजे काय करायचं? माझ्या मते मोठ्यांनी मुलांसमोर खुळं व्हायला तयार असायचं. वेळ गेला तरी, चार पैसे गेले तरी, लोक हसले तरी. ज्यात आपलं काहीच जात नाही, अशी माया पोरांच्या डोळ्यांत भरत नाही.

हे मला माझ्या वडिलांकडून मिळालं. मिरजेला ते एका कचेरीत कारकून होते. मी सहा-सात वर्षांची असेन. संध्याकाळी बाजारातून पेरू घेतले. विकणारी म्हातारी गोणपाट टाकून रस्त्याकडेला बसायची, समोर चिमणी लावलेली. घरी आल्यावर वडिलांनी सदऱ्याचा खिसा उलटा केला, तर म्हातारीने परत दिलेल्या पैशांत एक रुपयाच्या जागी पाचाची नोट. त्या काळी पाच रुपये म्हणजे तिच्या दोन-तीन दिवसांच्या पेरूंचे पैसे. ताटं वाढली होती. आई म्हणाली, “उद्या जाताना द्या की. ती कुठे पळून जाते?” वडिलांनी पायात चपला घातल्या आणि म्हणाले, “आज रात्रभर ती हिशेब लावत बसेल. घरात कुणी बोलणारं असलं, तर तिला बोलणीही खावी लागतील.”

मी हट्टाने सायकलच्या दांडीवर बसले. डायनामोचा दिवा सायकल हळू झाली की मंद व्हायचा आणि वडील दम लागला तरी पायडल मारत राहायचे. बाजारात म्हातारी नव्हती. शेजारच्या भाजीवालीने तिची वस्ती सांगितली, रेल्वे रुळांच्या पलीकडे. आम्ही तिथे पोचलो तेव्हा ती खरोखर दारात बसून पदरावर चिल्लर पसरून मोजत होती. शेजारी तिचा मुलगा उभा. वडिलांनी नोट दिली. ती काही म्हणाली नाही. तिने नोट कपाळाला लावली आणि मुलाकडे बघितलं. त्या बघण्यातून मला सगळं कळलं. पाच मिनिटांपूर्वी तिथे काय बोलणं झालं असेल, ते कुणी सांगायची गरज उरली नाही.

घरी आलो तेव्हा भात गार झाला होता. आई चिडली होती. वडिलांनी त्यावर उपदेशाचा एक शब्द काढला नाही, ना माझ्याशी, ना आईशी. आज पन्नास वर्षांहून जास्त झाली, पण कुणी पैसे जास्त दिले की मला आधी रुळांपलीकडचं ते दार दिसतं. जुन्या कथांमध्ये योगी परकायाप्रवेश करायचे, मृत राजाच्या शरीरात शिरायचे. माझ्या वडिलांना कुठली सिद्धी नव्हती. ताटावरून उठण्याआधी ते त्या म्हातारीच्या घरात जाऊन आले होते, एवढंच.

आता जे सांगायचं आहे ते अवघड आहे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना अकरा वर्षं झाली. त्यांचा कप वेगळा होता. असा नियम आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता. कानाशी टवका गेलेला एक कप मागच्या दाराच्या खिडकीत पालथा असायचा आणि त्यातच त्यांचा चहा जायचा. एके दिवशी मी चहा गाळत होते. छोटीने फळीवरून निळ्या फुलांचा कप काढला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सटातला, आणि म्हणाली, “मावशीआजीला मी देते.” माझ्या तोंडून निघून गेलं, “तो नको गं, त्यांचा खिडकीत आहे.”

“का?”

मावशी नळाशी बसल्या होत्या. नळ चालू होता, पण हात थांबले होते. त्या ‘का’ला माझ्याकडे एकही उत्तर नव्हतं, जे मी नातीच्या डोळ्यांत बघून आणि मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात देऊ शकले असते.

खिडकीतला कप मी त्या संध्याकाळी टाकून दिला. पण गोष्ट तिथे मिटली नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या कपातला चहा मावशींनी घेतलाच नाही. “फुटला बिटला तर, वहिनी,” म्हणाल्या आणि स्वतःच्या पिशवीतून स्टीलचा पेला काढला. अकरा वर्षांत त्या खिडकीने त्यांनाही काही शिकवलं होतं. छोटी रोज कप घेऊन जायची आणि त्या रोज पेला पुढे करायच्या. तीन आठवडे असं चाललं. मग एक दिवस त्यांनी तो कप हातात घेतला, नळापाशी बसूनच. पुढच्या महिन्यात त्या स्वयंपाकघरातल्या पाटावर येऊन बसल्या. हे सगळं एका पोरीच्या चिकाटीने झालं. मला यातलं श्रेय नको. मूल मायेने वागतं आणि कुठला कप कुणाचा हे आपण त्याला शिकवतो, हे मला साठीनंतर आमच्याच ओट्यापाशी समजलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा एक प्रसंग आहे. साताऱ्याहून लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आलं नाही. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तर जवळ आला, कुठे जायचं, कुणाची मुलं, अशी चौकशी करू लागला. मुलांनी आपली जात खरी सांगितली. त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. मग गाडीवाले मिळेनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि बैल हाकायचे ते मुलांनी, गाडीवान बाजूने चालणार, असा सौदा झाला. वाटेत त्या मुलांना प्यायला पाणी मिळालं नाही.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. पूर्वी मी तो मुलांच्या बाजूने वाचायची. कपाच्या त्या दिवसानंतर मी तो स्टेशनमास्तरच्या बाजूनेही वाचला. तो वाईट माणूस म्हणून आला नव्हता. फलाटावर एकटी उभी असलेली पोरं बघून त्याच्या पोटात तुटलं होतं, म्हणूनच तो जवळ आला. पहिली पावलं त्याच्या स्वतःच्या काळजाची होती. मागे घेतलेली पावलं त्याला कुणीतरी शिकवलेली होती, बहुधा त्याच्या घरातच, तो छोटीएवढा असताना, अशाच एखाद्या खिडकीतल्या भांड्यापाशी.

आमच्या याच कोकणात, दापोलीकडच्या पालगडला, एका आईने उलट शिकवलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त तो प्रसंग आहे. अस्पृश्य म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते आणि डोक्यावर चढवून द्यायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते. लोक हसतील, नावं ठेवतील, म्हणून श्याम बिचकतो. आई म्हणते जा, मोळी उचलून दे आणि येऊन अंघोळ कर. त्या अंघोळीपाशी मी दर वेळी अडखळते. त्या काळाचं ओझं त्या आईच्याही डोक्यावर होतं. पण तिने आधी म्हातारीची मोळी उचलायला पाठवलं आणि सोवळ्याचा विचार नंतर केला. गावात हसं होण्याची तयारी ठेवली. त्याच मुलाने, म्हणजे साने गुरुजींनी, पुढे १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषण केलं आणि मंदिराचं दार उघडलं. तेव्हाही त्यांना वेडा म्हणणारे कमी नव्हते.

लोकांची भीती मला समजते. “पोर भोळं राहिलं तर जग त्याला खाऊन टाकेल,” असं माझा मुलगाच म्हणतो. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. छोटीला आम्ही हेही शिकवलं आहे की अंगाला कुणी हात लावला आणि तो तिला आवडला नाही, तर ओरडायचं, मग तो माणूस ओळखीचा असो की नात्यातला. माया म्हणजे सोसणं नव्हे. आणि पाहुण्यांचं पोर रडतं म्हणून आपल्या मुलीच्या हातातली बाहुली हिसकावून त्याला द्यायची, ‘तू मोठी आहेस ना’ म्हणायचं, यात तर मायेचा लवलेशही नाही. ती यातून एवढंच शिकते की जो जास्त रडतो त्याला मिळतं आणि जो मोठा असतो तो हिसकावू शकतो. जे आपलं राखायची मुभा आहे, तेच मनापासून देता येतं. ‘सॉरी म्हण, लवकर म्हण’ या घोषाचंही तसंच. मूल भिंतीकडे बघत ‘सॉरी’ म्हणतं आणि आपण दोघांना सोडतो. त्याऐवजी पाच मिनिटं खाली बसून रडणाऱ्याचा चेहरा त्याला बघू द्यावा, कुठे लागलं ते त्यालाच विचारू द्यावं. वेळ जातो. गेला तर जाऊ दे.

आणि मोठ्यांनी मुलांची माफी मागावी. मी मागते. कपाच्या दिवशी रात्री मी छोटीला म्हणाले, “आज मी चुकीचं बोलले. तू बरोबर होतीस.” ती झोपेत होती, तिने फक्त माझा हात गालाखाली घेतला. पण दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मुलाने ते ऐकलं. लहानपणी त्याला मी किती वेळा उगाच रागावले आणि कधी तोंडाने चूक कबूल केली नाही, ते आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवलं.

रात्रीची गोष्ट हे छोटीचं आणि माझं काम. सगळ्या मराठी घरांतून जी गोष्ट पहिली सांगितली जाते, तीच मी सांगत आले. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दारी येतो, दार उघड म्हणतो. चिऊ आतून सांगते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. मग थांब, बाळाला पावडर लावते. मग थांब, तीट लावते. दार काही उघडत नाही. पुढचं घरोघर वेगळं. कुठे काऊ भिजतच राहतो, कुठे त्याला आत घेऊन तापल्या तव्यावर बसवतात. आमच्या घरी तव्याचाच शेवट होता. मी तो हसत सांगायची आणि माझा मुलगा लहानपणी हसत ऐकायचा.

छोटी हसली नाही. पहिल्या ‘थांब’लाच ती उठून बसली. “तो भिजतोय ना आजी?” म्हणाली. मी म्हटलं, हो, पण बाळाच्या अंगाला साबण आहे ना. ती विचारात पडली. बाळाच्या अंगाला साबण असतो हे तिलाही पटत होतं. डोळ्यांत गेला तर झोंबतो, हे तिला स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं. दोन्हीकडची अडचण तिला दिसत होती. मी पुढे सांगू लागले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या रात्री गोष्ट तिथेच राहिली.

चार-पाच दिवसांनी दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत होते. छोटी मावशींच्या दोन वर्षांच्या नातवाला समोर बसवून तीच गोष्ट सांगत होती. बाहेर पाऊस होता, त्यामुळे आवाज मधूनमधून तुटत होता. शेणाचं घर वाहून गेलं. काऊ आला. त्याने दार वाजवलं. मी तांदळातला हात थांबवला.

“चिऊच्या हाताला साबण होता,” छोटी सांगत होती, “म्हणून कडी निसटत होती. मग तिने फ्रॉकला हात पुसले आणि कडी काढली. काऊ आत आला. तो म्हणाला, मी तर भिजलोच आहे, तू दमलीस, आण इकडे तो तांब्या. मग बाळाला काऊने अंघोळ घातली.”